कोठा, कच्चा, एक

हातोदच्या पटवारीच्या कागदावर हे घर नाहीच.
तिथं लिहिलंय : कोठा, कच्चा, एक.

खापरपणजोबांनी बांधलं, असं आम्ही सांगत आलो.
बांधलं म्हणजे इंदुरात गादीवर बसून रुपये मोजले.
भिंती घातल्या भेरूनं आणि त्याच्या बायकोनं,
काळी माती, गव्हाचा भुसा.
तिचं नाव कुणी विचारलं नाही.
उत्तरेच्या भिंतीत तिच्या बोटांच्या ओळी आहेत.

अफूची बोंडं इथंच वाळायची.
मग अफू गेली, कापूस आला,
मग दोन भाऊ आणि मधोमध एक आडभिंत,
जी दोघांनाही नको होती,
पण वकील टांग्यानं एवढ्या लांब आला होता.

चौऱ्याहत्तरात सुमतीआत्यानं कोंबड्या पाळल्या.
दिघ्यांच्या घरात कोंबड्या!
दारामागे खडूनं रोजची अंडी :
१८०, १७६, १९१, आणि पंधरवड्यात ४०, मग ९.
नवाखाली रेघ.
त्यानंतर ती बँकेत लागली
आणि त्या उन्हाळ्याबद्दल कधी बोलली नाही.

आता बाहेरच्या भिंतीवर लाल रंगात आकडा आहे,
रस्ता इथून जाणार.
मोबदला कोठ्याचा, कच्च्या, एका.

जमीन कसणारा कमल, भेरूचा पणतू, विचारतो,
दार न्यायचंय का?
दार नेते. खडू पुसू नको म्हणते.

भिंत नेता येत नाही.
जाता जाता त्या ओळींत बोटं घालून बघते,
माझी मावत नाहीत.
कमलच्या मुलीची मावतात.
ती हसते,
फ्रॉकला माती पुसते.