खवला

इरासिल्दा नखं घासते पिरारुकूच्या खवल्यानं.
तळहातात मावेल न मावेल असा,
बुडाशी गुळगुळीत, टोकाकडं खरखरीत,
आणि कडेला लाल,
भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विळ्याच्या धारेसारखा.

तिच्याकडं डबाभर आहेत. बिस्किटांचा डबा,
झाकणावरचं जहाज गंजून बुडालेलं.
शहरातून आलेल्या पोरीला ती एक देते, म्हणते,
वाकवून बघ. मोडत नाही. सुरी लाव. सरकते.
पिरान्हा दात आपटून आपटून थकतात
आणि हा आपला पाणी कापत जातो,
अंगावर एवढी झाकणं घेऊन,
एकावर एक, कौलं शाकारावीत तशी.

मग मरतो कसा? पोरगी विचारते.

इरासिल्दा फुंकर मारून नखाची भुकटी उडवते.
श्वासापायी.
एवढा चिलखती, पण पाण्यातली हवा पुरत नाही मेल्याला.
घटकाभरानं वर यावंच लागतं,
तोंड उघडून एक घोट घ्यावाच लागतो.
तिथं माझा देओक्लेसिओ उभा असायचा. होडीत. भाला खांद्याशी.
खवल्यावर नाही, श्वासावर नेम.

आता तळ्यावर कायदा आहे. आता तो फक्त मोजतो.
वीस मिनिटं, डोळे बारीक करून,
गपकन् आवाज झाला की बोटातला दोरा एका गाठीनं पुढं.
मोठा. लहान. पुन्हा मोठा.
वहीत लिहिणारा पोरगा विचारतो,
काका, मघाचाच तर नव्हे हा?
तो उत्तर देत नाही.
एवढ्या वेळा नेम धरलेल्याला
हे काय विचारणं.

घरीही बोलत नाही. चौदा वर्षं झाली,
धाकटा मनाउसच्या बोटीवर चढला त्याला.
कातडी बघ ह्याची, उन्हानं केवढी राठ झालीय,
सुई मोडेल.
पण रात्री, बेडूक थांबले की,
झुल्यात तो एकदाच वर येतो.
एक लांब घोट.
नाव नाही, शब्द नाही.
पुन्हा खाली.

मी जागी असते, इरासिल्दा म्हणते.
मीही मोजते.

आणि करंगळीचं नख राहिलंय म्हणून
खवला उलटा करून धरते
दिव्यापाशी.