पैलू

कॉर्डेल हॅसकिन्सचा उजवा घोटा
मी नऊ हिवाळे बांधते आहे, मधले तीन सोडून.
टाच धरायची, पट्टी तिरकी ओढायची, दातांनी फाडायची.
ईरीच्या सरोवरावर बर्फाचं वादळ उठलं
की तो आधी त्याच्या सांध्याला कळतं,
वेधशाळेला मागाहून.

आला तेव्हा कोवळा, सहा फूट आठ इंच.
म्हणाले, बास्केटखाली उभा राहा.
राहिला.
मग बॉल पुढे नेणारा पोरगा गुडघा धरून बसला,
म्हणाले, तू नेशील?
नेला.
लांबून मारणारं कुणी उरलं नाही,
तर उन्हाळाभर पहाटे शाळेच्या जिममध्ये,
झाडू मारणाऱ्या मिस ओडेसाकडून
बॉल परत फेकून घेत
तेही शिकला.
लिथुआनियात तर आजारी कोचच्या जागी
दोन सामने कोट घालून ओरडला,
बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.

वरच्या लीगचं बोलावणं आलं तीनदा,
दहा-दहा दिवसांचं.
एकदा तर बॅग उघडायच्या आत संपलं.
थोडं थोडं सगळं येणारा त्यांना नको होता,
एकच काहीतरी भयंकर येणारा हवा होता.

असल्याला आमच्याकडे अष्टपैलू म्हणतात,
मी सांगितलं एका रात्री, बर्फाची पिशवी बांधताना.
म्हणजे?
आठ बाजूंनी घासलेला दगड.
तो हसला नाही.
म्हणाला, आणि घासून निघालेलं कुठे जातं?

मी मोजायला लागले:
बाहेर वळलेली करंगळी,
डाव्या गुडघ्यातली गादी,
वरचा एक दात, फ्लिंटमध्ये राहिलेला,
मुलीचे चौथ्यापासून नवव्यापर्यंतचे वाढदिवस.
पुढे त्याने मोजू दिलं नाही.

आज शेवटचा सामना. अर्धं स्टेडियम रिकामं.
तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा सेंटर पाच फाउल करून बसला,
आणि कोचने मान वळवायच्या आत
कॉर्डेलने जॅकेट काढलं होतं.
आपल्यापेक्षा चार इंच उंच, बारा वर्षं लहान पोराला
पाठीने रेटत राहिला
हॉर्न वाजेपर्यंत.
हरलो, नऊने.

आता कात्रीने पट्टी कापली.
कातड्यावर तिची वीण उमटलेली.
त्याने चिकटपट्टीचा गोळा केला,
खोलीच्या पार टोकाला कचऱ्याचा डबा,
नेम धरला.
हुकला.
मग स्वतःच उठला, अनवाणी, लंगडत,
रिबाउंड घ्यायला.