लाभ, दोन, तीन

सावद्यात पारा पंचेचाळीसवर गेला की
मी टेबलावर ओलं फडकं टाकते,
त्यावर स्टीलचं ताट, ताटावर लॅपटॉप,
आणि टोरोंटोला म्हणते, गुड मॉर्निंग.
तिकडे सकाळ. इथे संध्याकाळचे सात,
भिंती दिवसभर घेतलेलं ऊन
उसनं फेडावं तशा परत करत असतात.

पाठीमागे गव्हाच्या कोठ्या आहेत.
त्या मी धूसर करून ठेवल्यात.
कोणाला पुस्तकांचं कपाट वाटतं.
वाटू दे.

शेजारच्या कलामावशी अजून विचारतात,
"काय वं हर्षे, सुट्टी सरली नही का तुही?"
चार वर्षांची झाली ही सुट्टी.
डबा नाही, एसटी नाही,
पोरगी दार लावून एकटीच बोलते, तेही इंग्रजीत,
असं अर्ध्या गल्लीला माहीत आहे.
आईनं एकदा गुपचूप नारळ उतरवला.

बारा जण आहोत.
कोणी कोणाचे पाय पाहिलेले नाहीत.
मेगन उंच की बुटकी, हे ज्यानं त्यानं ठरवलेलं.
नावाशेजारी हिरवा ठिपका, म्हणजे माणूस आहे.
तो विझू नये म्हणून फोडणी टाकता टाकता
येऊन माउस हलवून जाते,
पाळण्याला झोका द्यावा तशी.

एकदा म्यूट करायला विसरले.
बाहेर ट्रक लागला होता, घड चढत होते,
सुपडू नानांचा खर्जातला आवाज:
लाभ... दोन... तीन...
कोणीतरी म्हणालं, मागे काहीतरी गोंगाट आहे.
किसूमूचा ओटिएनो म्हणाला, राहू दे. काय मोजतायत?
केळी.
तो हसला. आमच्याही दारात तीच, म्हणाला, कच्ची शिजवतो.
पण पहिला आकडा वेगळा का?
मोजताना एक म्हणत नाहीत आमच्याकडे.
एक म्हटलं की एकटं वाटतं.
हे मी ठोकून दिलं. खरं कारण मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून तो चुका तशाच मोजायचा,
लाबू, दोन, तीन.
मी कधी सुधारलं नाही.
रात्री सर्व्हर पडला की आम्ही दोघंच जागे.
तो सरोवराकाठचे बेडूक ऐकवायचा,
मी भुसावळकडे जाणारी मालगाडी.
त्याच्या लेकीला दात आला
ते मला तिच्या आजीआधी कळलं.

मंगळवारी त्याचा ठिपका करडा होता.
वीज गेली असेल, म्हटलं. त्यांच्याकडेही जाते.
मग मेगन आली. म्हणाली, आपण एक कुटुंब आहोत,
आणि कुटुंबाला कधीकधी
कठीण निर्णय.
तीन जण. नावं घेतली नाहीत तिनं.

आमच्या गल्लीत कोणाची नोकरी गेली
तर ओट्यावर चार जण येऊन बसतात,
चहा होतो, मालकाच्या सात पिढ्या निघतात.
मी आमच्या गप्पा उघडल्या.
हा वापरकर्ता उपलब्ध नाही.
नंबर घेतलाच नव्हता. कधी लागला नव्हता.
दोन वर्षं तो रोज
माझ्या धान्याच्या खोलीत होता.

दुसऱ्या दिवशी मेगननं विचारलं, सगळे आलेत ना?
मी मनात मोजलं. नऊला संपलं.
बाहेर ट्रक लागला होता.
मी म्यूट काढला. मुद्दाम. खिडकीही उघडली.
लाभ... दोन... तीन... चार...
कोणीच काही विचारलं नाही.
अकराव्या घडाला
टोरोंटोहून कोणीतरी माझा आवाज बंद केला.

आईनं हाक मारली, ताट दे गं, एक कमी पडतंय.
लॅपटॉप उचलला. ताट चांगलंच तापलं होतं.
आईनं ते पदरानं पुसलं
आणि त्यातच कळण्याची भाकरी वाढली.