मागचं

माझा धंदा पडद्याचा.
साताऱ्यात, पोवई नाक्याच्या उताराला आठ बाय दहाचं दुकान.
पासपोर्टला पांढरा पडदा, शाळेच्या ओळखपत्राला निळा.
गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, हनुवटी जरा वर, श्वास धरून,
आणि त्याच्या मागचं सगळं,
भिंतीची ओल, गेल्या सालचं कॅलेंडर,
दारात ताटकळलेला धाकटा भाऊ,
मी एका दोरीनं खाली ओढून झाकतो.

रविवारी चाळकेवाडीच्या पठारावर
दोरी नसते.

खरूची बसते ती नेमकी
पवनचक्कीच्या कुंपणाच्या तिसऱ्या खांबावर.
मागं चक्कीचा पांढरा बुंधा, त्यावर आकडा, लाल अक्षरांत धोका,
त्याच्या मागं ट्रान्सफॉर्मर,
त्याच्या मागं कुणीतरी वाळत घातलेला गुलाबी टॉवेल.
दोन पावलं डावीकडं सरकलो: टॉवेल गेला, पातं आलं.
गुडघ्यावर बसलो: पातं गेलं, तारा आल्या,
तिच्या मानेतून आरपार पाच तारा,
मास्तरांनी उत्तर खोडावं तशा.
गवतात आडवा झालो. कोपरभर कुसळं.
आता मागं नुसतं आभाळ, स्वच्छ, दुकानातल्यासारखं.
ती उडाली.

बिरा जानकर, चक्कीचा राखणदार,
काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होता.
"टावेल काढू का?" म्हणाला.
"तसा तिला चालतोय. तुमास्नीच चालंना म्हणून इचारलं."

मग पत्र्याच्या खोलीत चहा.
दर कार्तिकात येती, म्हणाला, ह्याच खांबाव.
रातीला दिव्यावर किडा जमतो, सकाळी खाली पडलेला असतो,
आयतं ताट.
गेल्या साली एक भोवत्या पात्यात आला.
राखाडी. उचलला तर रिकाम्या पाकिटाएवढा हलका.
पोत्यावर ठेवला, साहेबांना फोन लावला.
साहेब म्हणाले, फोटो काढून पाठव,
पण मागं चक्कीचा नंबर येऊ देऊ नको.

मी कप खाली ठेवला.

परवाच निनामच्या एक बाई आल्या होत्या,
लग्नातला जुना ग्रुप फोटो पिशवीत गुंडाळून.
"ह्यातनं एवढं ह्यांना काढून द्या, हार घालायचाय."
काढलं. माणसं पुसली, मांडव पुसला, वाजंत्री पुसले.
खांद्यावर एक हात तेवढा उरला,
चार बोटं, एक अंगठी, पुढं मनगट नाही.
तोही पुसायला घेतला तर बाई म्हणाल्या,
"ऱ्हाऊ द्या त्यो. दिरांचा हाय."
आणि जरा थांबून,
"बोलत न्हाईत आता."

उन्हं कलताना खरूची परत आली.
वाऱ्यात एका जागी टांगून राहिली,
शेपटीचा पंखा उघडलेला, अंग हलतंय,
डोकं मात्र भिंतीतल्या खिळ्यागत.
तिच्या मागं सगळं होतं. पातं, तारा, आकडा, टॉवेल.
सरकलो नाही.
दाबलं.

घरी संगणकावर मोठं करून पाहिलं.
फोकस टॉवेलवर.
धागा न् धागा मोजावा असा, कडेची उसवलेली शिवणसुद्धा,
आणि पुढं तपकिरी धुरासारखं काहीतरी,
पंख असावेत.

तरी प्रिंट काढली. आठ बाय दहा, दुकानाच्याच मापाची, पण इंचात.
पुढच्या रविवारी बिराला दिली.
त्यानं ती उजेडात धरली, आधी लांब, मग नाकाजवळ.
"टावेल झकास आलाय," म्हणाला.
मी धुराच्या कडेवर बोट ठेवलं. आणि ही?
"ही व्हय?
ही काय, रोजच असती."