सुवाच्य

लग्नपत्रिकांवर नावं घालायची असली
की शनिवार पेठेतली पोरं अजून माझ्याकडेच येतात.
आबा, तुमचं अक्षर म्हणजे छापील.

याच अक्षरावर मी ठाण्यात रायटर झालो, कऱ्हाडला.
याच अक्षरात पट्ट्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं:
खरं बोल.
साहेब म्हणाले, इंगवले, तुझ्याच हातचं शोभतंय.
ब्रश पोरीच्या रंगपेटीतला होता.
धुऊन परत ठेवला.

धरणाच्या कामावरून सुरुंगाच्या पेट्या गेल्या, आठ.
रजिस्टरात आवक नऊ, कोठारात एक.
त्यात मंत्री येणार, पुलावरून, चार दिवसांनी.
जिल्ह्यावरून फोनवर फोन.
चारच दिवस म्हटल्यावर
माणसाला हाडं असतात हे कोण लक्षात ठेवतो.

उचलला तो दुर्गाप्पा वडार,
कारण पेट्या उतरवताना तो होता,
आणि कारण तो वडार होता.
दुसरं कारण मी कागदावर घेतलं नाही.

पहिल्या रात्री तो म्हणाला, न्हाई वो.
हेही मी घेतलं नाही.
साहेब म्हणाले, हे काय उत्तर झालं?
दुसऱ्या रात्री विचारलं, पुलाखाली पुरल्यात का?
तर पुलाखाली पुरल्यात.
विहिरीत का?
तर विहिरीत.
आमच्याच प्रश्नाचं शेपूट उचलून
तो आमच्याच ओंजळीत ठेवायचा,
आणि मी त्याला जबाब म्हणायचो.

संगमावरची वाळू उपसली.
ओगलेवाडीच्या एका विहिरीला दोन दिवस इंजिन लावलं:
एक घंगाळ, सायकलची चेन,
आणि एक कासव,
ते उजेडात डोळे मिटून घेत होतं.

तिसऱ्या रात्री माणसं मागितली.
त्यानं आधी मेलेली दिली,
चुलता, जुना मुकादम, प्लेगात गेलेला आजा.
मी मयतांनाही वय, धंदा, राहणार लावलं.
मग जिवंत. साडूपाशी येऊन नावं संपली.
पाणी पाजायला गेलो तेव्हा हळूच म्हणाला,
तुमचं नाव काय वो, सायेब?
मी सांगितलं.
इतक्या अदबीनं बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

चौथ्या रात्री, सातव्या ओळीत,
मी माझंच नाव लिहिलं. वळणदार.
साहेब वाचून पोट धरून हसले,
आणि तेवढीच ओळ खोडली.
वरच्या सहांतले तीन जिवंत होते.
पहाटे त्यांना आणायला जीप गेली.

मंत्री आलेच नाहीत.
महिन्यानं साताऱ्याहून हिशेबनीस आला,
चष्मा पुसत, मूळ पावती घेऊन.
पेटी एकच आली होती.
कोठारवाल्याच्या घाईत
एकाची शेपटी वळून नवासारखी झालेली.

जे नव्हतंच, त्याच्या जागा
एका माणसानं आम्हाला सांगितल्या होत्या,
दिवस-वार, खोलीसकट.
खाली अंगठा.
उजवा उठेना, म्हणून डावा.

फाईल मीच बांधली.
पट्टा खिळ्यालाच राहिला.
रंग उडाला तेव्हा अक्षरं मी पुन्हा गिरवली,
दोनदा.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुर्गाप्पा नंतर एकदा दिसला,
मलकापूरच्या अंगाला, दगड फोडताना,
हातोडा डाव्या हातात.
त्यानं मला नावानं हाक मारली.
नुसतं नाव.
पुढं काहीच नाही, आणि पुन्हा खाली वाकला.

आता ही पाकिटं.
श्री. व सौ., मग आडनाव, मग पेठ,
मग पिन कोड:
चार, एक, पाच, एक, एक, शून्य.
दर पाकिटावर तीन वेळा एक.
तीनदा पेन उचलून बघतो,
शेपटी सरळ आहे ना.

पोरं म्हणतात, आबा, आटपा की.
दोनशे आहेत अजून.