अवयव

आरागिरणीने वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली
तेव्हा मी पहिलीत होते.
केमीच्या खाडीत त्या वर्षी बर्फ इतका जाड
की बर्फफोड जहाजही मागे सरून सरून धडका देत होतं.
भरपाईच्या पैशांतून त्यांनी एक जुना संगणक आणला
आणि एक संख्या सांभाळायला घेतली.

दोन. तो दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर वेळा लिहायचा,
सगळे एकमेकांशी गुणायचे,
वर एक मिळवायचा.
तीन लाख पंधरा हजार सहाशे त्रेपन्न अंक होतात.
शेवटचे दोन त्यांनी मला सांगून ठेवले होते, तीन आणि सात,
वाट चुकलीस तर उपयोगी पडतील म्हणून.

ती मूळ संख्या नाही, हे सिद्ध झालेलं आहे.
कसं, ते जेवताना सांगत, माशाचे काटे काढत काढत :
तीनाचा घात चढवत न्यायचा, त्या राक्षसाने भागायचं,
उणे एक उरला तर मूळ.
उणे एक उरला नाही.
म्हणजे फुटते. नक्की फुटते.
कुठे, ते कुणाला माहीत नाही.
आई म्हणाली, हाड मोडलंय म्हणतात
आणि फोटोत भेग दिसत नाही, तसंच की.
वडील खूप वेळ हसले. नंतर मात्र गप्प झाले.

आमच्या बोलीत संख्येच्या अवयवाला कर्ता म्हणतात.
आर्मास पेल्तारी, वय त्रेचाळीस, चर्चला न जाणारा,
रात्र रात्र कर्त्याला शोधत बसे.
एवढंच ठाऊक होतं :
तो जो कुणी असेल, त्याला एकेचाळीस लाख चौऱ्याण्णव हजार तीनशे चारने भागलं
तर एक उरेल.
पत्ता मिळाला होता असं म्हणा,
पण गल्लीला शेवट नव्हता.

संगणक साउनाच्या बाहेरच्या खोलीत घरघरत असे.
त्याच्या पाठीवर आई हातमोजे वाळत घाली.
तिनेच विणलेले, डावा पाच बोटांचा,
उजवा तीन.
रोज सकाळी वडील वहीत लिहीत :
तारीख, बाहेरचं तापमान, नाही.
तारीख, तापमान, नाही.
अशा अकरा वह्या.

एकदाच, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलो होतो तेव्हा,
ते आपणहून बोलले.
हिची वीस थोरली भावंडं आहेत, म्हणाले,
तीन, पाच, सतरा, दोनशे सत्तावन्न, अशी वाढत गेलेली.
एकाचा अवयव दुसऱ्याच्या अंगात कधी सापडत नाही,
इतकी परकी.
पण सगळीच्या सगळी एकमेकांशी गुण.
हीच येते.
फक्त दोनाने कमी.

त्यांनी उजवा हातमोजा काढला, हात जरा वेळ वर धरला,
आणि लगेच परत घातला,
कारण उणे सव्वीस होतं.
मासा काही लागला नाही.

वडील गेले त्याला आता सहा वर्षं झाली.
संगणक दोनदा बदलला, काम तेच.
वीज महागल्यापासून नवरा म्हणतो, बंद कर ना,
भाग जायचा असता तर एव्हाना गेला असता.
गणिताला एव्हाना कळत नाही
हे मी त्याला सांगत नाही, बिल पुढे सरकवते.

काल वही उघडली. तारीख टाकली. उणे नऊ लिहिलं.
पेन टेकवून बसले होते
तर इल्मो पाठीमागून आला, पाच वर्षांचा,
संगणकावरचा तो उजवा हातमोजा उचलून
त्यात हात घालू लागला.
बोटं जास्त होत होती.
त्याने दोन आत दुमडली, पुन्हा घातला,
आणि माझ्या तोंडासमोर हलवत म्हणाला,
गरम आहे.