कुर्ल्यांचं काय?

रविवारच्या पहिल्या फेरीने चोडणला उतरलो,
चौघे, बिनपगारी,
खांद्यावर तिपाई, डब्यात पोहे.
खाजणाचा बांध मोजला, उतार काढला.
मानशीच्या नव्या दाराचं वजन
वहीत दोनदा तपासलं, दोनदा बरोबर आलं.

आपोलीनबाय झगा खोचून चिखलात उभी.
म्हणाली, "आणि कुर्ल्यांचं काय?"

सूत्रात कुर्ल्यांना जागाच नव्हती.

माझी दुर्बीण जिथे ठीक म्हणाली होती
नेमका तिथेच तिने हात घातला,
कोपरापर्यंत.
बाहेर आला तो ओला.
"चाख."
मी तिचं बोट चाखलं.
खारट. नदी आत आली होती,
आम्ही पोहे खात असताना.

सिमेंटच्या गोण्या होडीतच राहिल्या.
दुपारभर पेंढा घालून चिखल तुडवला,
तिच्या शिव्या खात,
ज्यातल्या निम्म्या पोर्तुगीज होत्या.

भरती चढली. दार आपसूक मिटलं.
पाणी बांधाला खांदा लावून उभं राहिलं, आणि
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
ती मात्र वाकून पुढची भोकं मोजत होती.

धक्क्यापर्यंत पोचवायला आली.
"पुढच्या आयताराला दहाजण तरी आणा,"
फेरीची साखळी सुटता सुटता ओरडली,
"शिकलेले नसले तरी चालतील."